सफरचंदाचा रोगप्रतिकारक खुंट कसा निवडावा?

सफरचंदाचं कलम घेताना जात सगळे विचारतात, खाली खुंट (ज्याच्यावर कलम बांधतात ते मुळांचं झाड) कोणता हे फार थोडे. मुळं आणि बुंध्याचा तळ मात्र खुंटाचाच असतो, त्यामुळे जमिनीतल्या रोगांना तोंड त्यालाच द्यावं लागतं. पानाफळांवरचा स्कॅब किंवा भुरी थांबवणं हे त्याचं काम नाही. तो प्रतिकार वरच्या जातीतच असावा लागतो.

आधी जमीन बघा. फूटभर खोल खड्डा करून पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर फायटोफ्थोरा या जमिनीतल्या बुरशीसारख्या जीवामुळे होणाऱ्या बुंधाकुजीचा धोका मोठा. निचरा सुधारा किंवा उंच वाफे करा. अशा जागी एमएम १०६ हा खुंट नकोच. तिथे पूर्वी सफरचंदाची बाग होती का, तेही विचारा. जुन्या बागेच्या मातीत नवी रोपं खुरटतात.

मग शत्रू ठरवा. सगळ्या रोगांना पुरून उरणारा खुंट नाही. एमएम १०६ लोकरी माव्याला (झाडाचा रस शोषणारी कीड) दाद देत नाही, कारण तो गुण त्याला ‘नॉर्दर्न स्पाय’ या जातीकडून मिळालाय. बुंधाकुजीपुढे मात्र तो हरतो. एम ९ चं उलट: बुंधाकुज बऱ्यापैकी सोसतो, पण लोकरी मावा आणि फायर ब्लाइट (फांद्या करपवणारा जीवाणूजन्य रोग) त्याला जड जातात.

फायर ब्लाइट असलेल्या भागात जास्त सावध राहा. त्याचे जीवाणू फुलांतून शिरतात आणि लक्षणं न दाखवता खोडातून खाली खुंटापर्यंत पोचू शकतात. वरच्या फांद्या सावरल्यासारख्या दिसतात आणि खाली खुंटाची साल चहूबाजूंनी मरते. मग अख्खं झाड जातं. एम ९ आणि एम २६ यांना हा धोका फार मोठा. तिथे जिनिव्हा मालिकेतला जी ४१ घ्यावा, असं माझं मत. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे तयार झालेला, झाड बुटकं ठेवणारा हा खुंट फायर ब्लाइट, बुंधाकुज आणि लोकरी मावा या तिन्हींना चांगलं तोंड देतो, जुन्या बागेच्या जमिनीतही तग धरतो. पण काही जातींबरोबर त्याचा कलमाचा जोड ठिसूळ राहतो, म्हणून लावतानाच आधार द्या.

कलमकाडी (खुंटावर बांधायची वरच्या जातीची काडी) विषाणूमुक्त घ्या. जिनिव्हा मालिकेतल्याच जी १६ आणि जी ९३५ यांना वरच्या काडीतले सुप्त विषाणू सोसत नाहीत. काडी निरोगी दिसली तरी भागत नाही, प्रमाणित रोपवाटिकेचीच हवी.

लावताना जोड वर ठेवा. माती बसल्यावरही तो जमिनीपासून १० ते १५ सेंमी वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला तर वरच्या जातीलाच मुळं फुटतात, मग खुंटाचा बुटकेपणाही जातो आणि प्रतिकारही.

खुंटाला फुटणारे फुटवे कोवळे असतानाच काढा. लोकरी मावा तिथे ठाण मांडतो, फायर ब्लाइटही तिथून थेट खुंटात उतरतो.