कॅन्सरच्या उपचारानंतर मूल अभ्यासात मागे पडू लागले तर

उपचार संपतात, केस परत येतात, मूल शाळेत जाऊ लागते. तक्रारी बऱ्याचदा एक-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. फळ्यावरचे उतरवून होत नाही, येत असलेला पेपरही अर्धा सुटतो, तीन कामे सांगितली की एकच होते. याला सर्रास आळस म्हटले जाते आणि मुलाचे सर्वांत मोठे नुकसान तिथेच होते.

मेंदूतील तंतूंवर मायलिनचे (संदेश वेगाने पोचवणारे) आवरण चढण्याचे काम बालपणात आणि पुढेही अनेक वर्षे चालू असते. डोक्याला दिलेले रेडिएशन, मणक्यातून किंवा मोठ्या मात्रेत शिरेतून दिलेले मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचे औषध त्यात बाधा आणू शकते. शिकलेले सहसा पुसले जात नाही, पण नवे शिकण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे बरोबरीच्या मुलांपासूनचे अंतर वर्षागणिक वाढत जाते. उपचाराच्या वेळी वय जितके कमी आणि रेडिएशनचा डोस व क्षेत्र जितके मोठे, तितका धोका जास्त. तीन वर्षांखालच्या मुलांना तो सर्वाधिक असतो.

पहिले काम फाइलचे. रुग्णालयाकडून उपचारांचा लेखी गोषवारा मागून घ्या. त्यात प्रत्येक औषधाचा एकूण डोस, मणक्यातून किती वेळा इंजेक्शने दिली, रेडिएशन कुठे आणि किती ग्रे (रेडिएशन मोजण्याचे एकक) दिले, शस्त्रक्रिया आणि शंट (मेंदूतील जादा पाणी काढणारी नळी) यांच्या तारखा हव्यात. नुसते ‘केमो दिली’ एवढ्यावर पुढचा डॉक्टर काहीच ठरवू शकत नाही.

मग न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून, म्हणजे स्मृती, लक्ष, वेग अशा मेंदूच्या क्षमता चाचण्यांनी मोजणाऱ्या तज्ज्ञाकडून तपासणी. मूल नापास होईपर्यंत थांबू नका. उपचार संपल्यावर एकदा करून घेतली की पुढे तुलना करता येते. पुढच्या तपासण्या प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना, दहावीच्या आधी, किंवा अडचण दिसेल तेव्हा. अहवालात केवळ एकूण बुद्ध्यंक पाहू नका. बोलण्या-समजण्याचे गुण चांगले आणि माहिती हाताळण्याचा वेग फार कमी, असे झाले तर सरासरी आकडा ठीक दिसतो आणि खरी अडचण त्याखाली लपते. वेग, एकाग्रता आणि कार्यरत स्मृती (काम करताना माहिती तात्पुरती मनात धरून ठेवणे) यांचे गुण वेगळे मागा.

त्याच सुमारास दुरुस्त होणारी कारणेही शोधा. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध घेतलेल्या मुलांत उंच पट्टीचे आवाज आधी जातात. हाक ऐकू येते, पण ‘स’, ‘फ’ असे वर्ण निसटतात, म्हणून मूल लक्ष देत नाही असे वाटते. ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) करा. डोक्याला रेडिएशन झाले असेल तर थायरॉइडसाठी रक्तातील टीएसएच आणि फ्री टी४ दोन्ही तपासा; टीएसएच बनवणारी मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी बिघडली असेल तर एकटे टीएसएच फसवते. उंची, नजर, झोप आणि उदासपणा यांचीही चौकशी व्हावी.

शाळेत अहवाल घेऊन जा आणि नेमके मागा. परीक्षेत वाढीव वेळ, पुढच्या बाकावर जागा, फळ्यावरच्या मजकुराची छापील प्रत, एका वेळी एकच सूचना आणि तीही लेखी, गरज असल्यास लेखनिक किंवा कॅल्क्युलेटर. दहा गणितांऐवजी त्याच प्रकारची पाच चालतील. पण सोपी गणिते देऊ नका. समज शाबूत असलेल्या मुलाला सोपा अभ्यास दिला की ते आणखी मागे पडते. शिक्षक दरवर्षी बदलतात, तेव्हा हे सगळे दर जूनमध्ये नव्याने सांगावे लागते. कंटाळू नका.

घरी पंधरा-वीस मिनिटांचा अभ्यास, मग उठून हालचाल. दप्तर भरण्याची यादी भिंतीवर लावा. रोजचा मैदानी खेळ आणि पुरेशी झोप ही चैन समजू नका, कारण थकव्यात एकाग्रता आधी ढासळते. एकाग्रतेसाठी मिथाइलफेनिडेट काही मुलांना उपयोगी पडते. ते फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हृदय, रक्तदाब, भूक आणि वाढ तपासत द्यायचे असते. स्मरणशक्ती वाढवणारी म्हणून विकली जाणारी टॉनिके मात्र घेऊ नका.

सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, नव्याने आलेली फिट, एका बाजूची कमजोरी, बोलणे अडखळणे, शंट असलेल्या मुलात अचानक वाढलेली झोप: यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि ती फाइल बरोबर न्या.