पहिला डीएसएलआर भेट देताय? या चुका टाळा

कापसाचे किंवा केळीचे पैसे हातात आले, बारावीचा निकाल चांगला लागला, भाऊबीज तोंडावर आली, की घरात कुणीतरी म्हणतं, "या वेळी त्याला मोठा कॅमेराच घेऊन देऊ." मोठा कॅमेरा म्हणजे बहुतेकदा डीएसएलआर, आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा. भेट म्हणून कल्पना फार छान आहे. अडचण एवढीच, की घरात कॅमेऱ्यातलं ज्याला कळतं, नेमकी त्यालाच भेट द्यायची असते. मग घेणारा दुकानात एकटा पडतो आणि काउंटरवर जो डबा पुढे येईल तो उचलून आणतो. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या कितीतरी घरांत असे कॅमेरे कपाटात पडून आहेत. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात खोट नसते. घेताना काय बघायचं, हे कुणी सांगितलेलं नसतं.

कशाचे फोटो काढणार, हे न बघताच घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. सरप्राइज द्यायचं म्हणून विचारता येत नसेल, तर त्याच्या मोबाइलची गॅलरी बघा, स्टेटस बघा. तिथे उत्तर असतं.

हिवाळ्यात हतनूर धरणावर येणारी पाखरं, यावल किंवा गौताळ्याचं जंगल असले फोटो दिसले, तर लांबची लेन्स लागणार. कानबाईचे रोट, हळद, बारसं, घरातली माणसं असतील, तर कमी उजेडात चालणारी लेन्स हवी. सारंगखेड्याच्या यात्रेतले घोडे किंवा कबड्डीचे सामने असतील, तर सेकंदाला किती फोटो निघतात ते विचारा. कॅनन 1500डी सेकंदाला 3 फोटो काढतो, निकॉन डी3500 काढतो 5. उधळलेल्या घोड्यासमोर हा फरक चांगलाच जाणवतो.

आणि गॅलरीत नुसते व्हिडिओ, रील्स असतील, तर डीएसएलआरचा हट्ट सोडा. वरच्या दोन्ही कॅमेऱ्यांचा स्क्रीन बाहेर वळत नाही, व्हिडिओ फुल एचडीपर्यंतच निघतो आणि व्हिडिओ काढताना फोकस चाचपडत राहतो. अशा मुलाला कॅनन आर50 किंवा निकॉन झेड30 सारखा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, जास्त आनंद देईल.

इथे चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांची आठवण काढायलाच हवी. 1912 ते 1989 हे त्यांचं आयुष्य. त्यातली कित्येक दशकं ते स्टेशनजवळच्या आपल्या घरातून क्वचितच बाहेर पडले, आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर प्रकाश पाडून काढलेल्या टेबल-टॉप फोटोंनी त्यांनी जगभरची बक्षिसं मिळवली. टेबलावरच्या वस्तूंसाठी लांब झूमही लागत नाही की झपाट्याने फोटो काढणारा कॅमेराही. एक स्थिर ट्रायपॉड, खिडकीचा उजेड आणि जवळून फोकस करणारी लेन्स पुरते. तुमच्या घरातली मुलगी वाटी, फुलं, आजीचे हात असं काही टिपत बसत असेल, तर तिच्यासाठी महागडी बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊ नका, चांगला ट्रायपॉड घ्या. आणि तिला एकदा चाळीसगावला केकी मूस यांचं घर दाखवायला नक्की घेऊन जा.

मेगापिक्सेल मोजत बसणं

8 बाय 12 इंचाच्या सुंदर प्रिंटला 9 मेगापिक्सेलसुद्धा पुरतात. आजकाल नवशिक्यांच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये 24 असतात. कॅननच्या 3000डी मध्ये 18 आहेत, पण मी तो टाळायला सांगतो ते दुसऱ्याच कारणासाठी: त्याची लेन्स बसवायची कडी प्लास्टिकची आहे. शिकणारा माणूस लेन्स वारंवार काढतो-घालतो. तिथे धातूची कडी असलेला 1500डी बरा.

सगळे पैसे बॉडीत घालणं

बजेट 50 हजारांचं असेल, तर माणूस 49 हजारांचा कॅमेरा शोधतो. मग कार्ड, बॅग, दुसरी लेन्स यांना पैसेच उरत नाहीत. सोबत आलेल्या 18-55 लेन्सवर सगळं भागवायचं, तर दिवसा अंगणात फोटो झकास येतात आणि रात्री घरात हलल्यासारखे.

कारण सोपं आहे. ही लेन्स झूम करून 55 वर नेली, की तिचं छिद्र जास्तीत जास्त एफ5.6 एवढंच उघडतं (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). 50 एमएमची एफ1.8 लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. ट्यूबलाइटच्या उजेडात हळद लागत असताना हा फरक डोळ्यांना लगेच दिसतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे: बॉडी एक पायरी खालची घ्या, पण एक एफ1.8 ची लेन्स सोबत द्याच.

त्यातही दोन खाचखळगे आहेत. पहिला, या कॅमेऱ्यांचा सेन्सर (आत फोटो टिपणारी चकती) लहान असल्याने 50 एमएमची लेन्स 75-80 एमएमसारखी वागते. एका माणसाचा चेहरा छान येतो, पण दहा बाय दहाच्या खोलीत चारजणांना बसवायचं तर पाठ भिंतीला टेकते. घरगुती फोटोंसाठी निकॉनची डीएक्स 35 एमएम एफ1.8 किंवा कॅननची छोटी, चपटी 24 एमएम एफ2.8 बघा.

दुसरा खड्डा निकॉनवाल्यांसाठी. डी3000 आणि डी5000 मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळते म्हणून 50 एमएम एफ1.8डी घेतली, तर लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवत बसावं लागतं. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलं आहे का, ते वाचूनच पैसे द्या. जुना डी3200, डी5100 किंवा डी90 सारखा कॅमेरा असेल तर मात्र एएफ-पी लेन्स फोकसच करत नाही, एएफ-एस घ्या.

लांबच्या झूमचीही तीच गोष्ट. "डबल लेन्स ऑफर" मधल्या दुसऱ्या लेन्सवर कॅनन असेल तर आयएस आणि निकॉन असेल तर व्हीआर ही अक्षरं शोधा. हात हलला तरी फोटो सांभाळणारी सोय म्हणजे ही अक्षरं. कॅननच्या 75-300 मध्ये ती सोय नाही, 55-250 आयएस मध्ये आहे. आकडा लहान असला तरी 55-250 घ्या.

डीएसएलआरचा काळ कुठे आहे, हे न बघता पूर्ण किंमत मोजणं

कॅननचा 850डी आणि निकॉनचे डी780, डी6 हे 2020 चे. त्यानंतर या दोन कंपन्यांनी नवा डीएसएलआर काढलेला नाही, सगळं लक्ष मिररलेसवर आहे. म्हणून डीएसएलआर टाकाऊ झाला असं मुळीच नाही. शिकायला तो उत्तम आहे, बॅटरी खूप चालते, आणि पुढे मिररलेस घेतला तर याच लेन्स त्याच कंपनीच्या अडॅप्टरने बऱ्याच अंशी वापरता येतात. फक्त दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला डबा नव्याच्या भावाने घेऊ नका. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असाल किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर, भारतातली वॉरंटी, जीएसटीचं बिल आणि बिलावर सीरियल नंबर या तीन गोष्टी मागा. दुरुस्तीला कॅमेरा कुठे पाठवणार, हेही विचारा. चार-पाच हजार स्वस्त मिळणारा बिनवॉरंटीचा कॅमेरा एकदा बिघडला, की ती बचत तिथेच संपते.

जुना कॅमेरा वरवर बघून घेणं

जुना घेण्यात काहीच कमीपणा नाही, मी तर सुचवतो. पण आपल्याकडे विकायला येणारे बरेच कॅमेरे लग्नाच्या सीझनमधून निघालेले असतात. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक सहज होतात, आणि नवशिक्यांच्या बॉडीचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने बनवलेलं असतं. निकॉनचा क्लिकचा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेला असतो, क्लिक मोजून दाखवणाऱ्या साइटवर मूळ फोटो टाकला की दिसतो. कॅननच्या साध्या कॅमेऱ्यांचा तसा दिसत नाही, त्यासाठी कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून सॉफ्टवेअरने बघावा लागतो.

लेन्स काढा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स नको. मग एफ16 वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. काळपट ठिपके असतील तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

खान्देशचं ऊन आणि धूळ विसरणं

कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये बहुधा 40 अंशांपर्यंत वापरा असं छापलेलं असतं. भुसावळ-जळगावचा मे महिना 45 च्या आसपास फिरतो, आणि बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा डिकीत कॅमेरा ठेवायचा नाही, हे भेट देतानाच सांगा. शेतात वारा सुटलेला असताना लेन्स बदलायची नाही. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, बॉडीचं तोंड खाली धरून.

पावसाळ्यात प्रश्न उलटा. कपाटात, बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरते. भांड्यांच्या दुकानातला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या भेटीसोबतच द्या. खर्च थोडा आहे, पण लेन्स वाचते.

डबा न उघडता तसाच देणं

रंगीत कागदात गुंडाळलेला सीलबंद डबा दिसतो छान, पण भाऊबीजेच्या दिवशी तो उघडल्यावर बॅटरी रिकामी आणि कार्डच नाही, असं होतं. दुकानातच सील उघडून घ्या, दहा-बारा फोटो काढून बघा, बॅटरी चार्ज करा, तारीख-वेळ लावा. ओळखीच्या कंपनीची, बिलावर घेतलेली 64 जीबीची दोन कार्डं घाला. एकच मोठं कार्ड बिघडलं तर सगळंच जातं. फुकट मिळणारा डुगडुगणारा ट्रायपॉड नको म्हणा आणि त्याऐवजी किंमत कमी करून मागा.

यानंतर पहिल्या आठवड्यात फोन येणारच. "भाऊ, कॅमेरा इतला भारी, मंग फोटो काया का येस?" म्हणजे फोटो काळा का येतो? बहुतेकदा डायल एम वर, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या मोडवर, गेलेला असतो. कॅननवर एव्ही, निकॉनवर ए करायला सांगा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर, आणि प्लस-मायनसचा काटा शून्यावर आहे ना ते बघायला सांगा.

बटण दाबूनही फोटो निघत नसेल, तर माणूस समोर फार जवळ असतो. साध्या 18-55 ला साधारण एक फूट अंतर लागतं. फोटो निघतोय पण अंधुक येत असेल, तर लेन्सवरची एएफ-एमएफ कळ असल्यास ती एएफवर आहे का बघा. निकॉनची घडी होणारी लेन्स असेल, तर तिच्यावरचं छोटं बटण दाबून कडी फिरवून ती उघडल्याशिवाय कॅमेरा फोटो काढू देत नाही. कार्ड लॉक आहे असं आलं, तर कार्डाच्या कडेची बारीक पट्टी खाली सरकली आहे, ती वर करा.

घरातले फोटो पिवळे येत असतील तर व्हाइट बॅलन्स बल्बच्या चिन्हावर ठेवा. फ्लॅश मारल्यावर फोटोच्या खालच्या भागात काळी अर्धगोल सावली येत असेल, तर लेन्सचं हुड (पुढे लावलेली कडी) काढायचं राहिलं आहे.

आणि चष्मा असलेल्या वडिलांना किंवा काकांना कॅमेरा दिला असेल, तर "भिंगातून सगळं अंधुक दिसतं" ही तक्रार ठरलेली. बघायच्या खिडकीच्या उजव्या बाजूला बोटाने फिरेल असं एक लहान चाक किंवा सरकपट्टी असते. आतले आकडे ठळक दिसेपर्यंत ते हळूहळू फिरवायचं. हे फोनवर सांगून जमत नाही. शेजारी बसा, त्यांच्या डोळ्याला कॅमेरा लावा आणि त्यांच्याच बोटाने फिरवून घ्या.