नाशिकच्या हवेत सापाच्या टाकीत खाली काय टाकायचं

आधी एक क्लिअर करतो, हे सगळं कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे परदेशी साप पाळणाऱ्यांसाठी आहे. शेतातलं मांडूळ, विहिरीतला दिवड, अंगणात आलेली धामण, यातलं काहीही घरात ठेवायचं नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो सरळ गुन्हा आहे. साप दिसला की वनखात्याच्या १९२६ ला फोन लावायचा नाहीतर ओळखीच्या सर्पमित्राला बोलवायचं. बॉल पायथनची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, २०२४ चे नियम आहेत, ती केली नसेल तर आधी ते काम उरका आणि मग बेडिंग, म्हणजे टाकीत खाली पसरायचा माल, बघा.

आता बेडिंग. मला कुणी विचारलं की "बेस्ट कोणतं?" तर मी उलट विचारतो, साप कोणता आणि महिना कोणता? कारण नाशिकला जुलैत भिंतीला ओल येते आणि डिसेंबरात ओठ फुटतात, निफाडला पारा किती उतरला याच्या बातम्या सुरू होतात, आणि बाहेर जे चालू असतं तेच थोड्याफार फरकाने टाकीत चालू असतं. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून एकच माल वर्षभर टाकला की कुठेतरी गडबड होतेच.

माझी स्वतःची गडबड सांगतो. पहिला कॉर्न स्नेक आणला तेव्हा अंबड एमआयडीसीत ओळखीच्या एकाकडे पॅकिंगची लाकडी खोकी बनायची, तिथून रंध्याच्या छिलक्यांचं पोतं फुकट मिळालं, पांढरेशुभ्र, मऊ, आणि वास तर असा झकास की खोलीत नवीन फर्निचर आल्यासारखं वाटायचं. टाकीत पसरले आणि स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवसापासून साप जाळीला नाक लावून बसलेला, खाली उतरायलाच तयार नाही. एका जुन्या पाळणाऱ्याला फोटो पाठवला तर त्याचा पहिला प्रश्न, वास येतोय का? ती खोकी पाईनची होती. पाईन आणि सीडरच्या लाकडात जे वासाचं तेल असतं त्याची वाफ बंद टाकीत साठते आणि सापाच्या फुफ्फुसाला, कातडीला त्रास देते, सीडर तर त्यात सगळ्यात वाईट, आणि आपला देवदार म्हणजे सीडरच बरं का. सगळं उपसून नुसता पेपर टाकला तेव्हा कुठे गडी खाली उतरला. तेव्हापासून नियम एकच, पोत्यात नाक घालायचं, लाकडाचा गोड वास आला की माल परत.

सुताराकडचा भुसा पण नको, त्यात सागवान, पाईन, प्लायवूड, एमडीएफ, सगळ्याची खिचडी असते, वर डिंक आणि धूळ.

नवीन साप आणला की पहिला महिना-दीड महिना पेपर, दुसरं काही नाही. रोजचा वर्तमानपत्राचा कागद चालतो, चकचकीत पुरवणी नको, ती पाणी शोषत नाही. पेपर दिसायला गरीब दिसतो मान्य आहे, पण शी कशी झाली ते दिसतं, आणि सापाला माईट्स, म्हणजे अंगावरचे बारीक रक्तपिपासू किडे, असतील तर काळे ठिपके हलताना दिसतात, त्यासाठी पांढरा टिश्यू आणखी बरा. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, ते ठिपके तुम्हाला भिंग घेऊन पण सापडणार नाहीत.

त्यानंतर कॉर्न स्नेकला आस्पेन लाकडाचे छिलके. त्या लाकडाला वासाचं तेल नसतं, आणि दोन-तीन इंच थर दिला की हा पठ्ठ्या त्यात स्वतःचे बोगदे काढतो, बघत बसावं असं असतं. भानगड एकच, ओल लागली की बुरशी. पावसाळ्यात पाण्याचं भांडं सांडलं आणि तुम्ही दोन दिवस गावाला गेलात तर परत आल्यावर टाकीतून कुबट वास येणारच, म्हणून जून ते सप्टेंबर मी थर अर्धा करतो, भांडं जड मातीचं ठेवतो आणि ओला भाग दिसला की लगेच उचलतो.

बॉल पायथनला मात्र आस्पेन नको, हा पश्चिम आफ्रिकेतला, उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात राहणारा, त्याला ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा लागतो. त्याला कोकोपीट किंवा नारळाच्या सोडणाचे तुकडे. इथे आपली चैन आहे, नाशिकला नर्सऱ्या काय कमी नाहीत, कोकोपीट कुठेही मिळतं. फक्त विचारून घ्या की खत मिक्स आहे का, कारण हा माल झाडांसाठी असतो, सापासाठी नाही. खत असेल तर नको. साधी ६५० ग्रॅमची वीट घ्या, कोमट पाण्यात भिजवली की फुगून आठ-नऊ लिटर होते. पहिलं पाणी चहासारखं निघतं, ते फेकायचं, असं दोन-तीनदा केलं की खारटपणा जातो. मग गच्चीवर पसरून उन्हात वाळवायचं, पण पार कोरडं नाही.

किती ओलं ठेवायचं त्याची टेस्ट अशी, मूठभर घ्या आणि घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून पाणी टपकलं तर जास्त ओलं आहे, मूठ उघडल्यावर लगेच धूळ होऊन पडलं तर जास्त कोरडं, गोळा बनून बोट लावल्यावर फुटला तर परफेक्ट. नंतर पाणी द्यायचं ते वरून स्प्रे मारून नाही, कोपऱ्यातून हळू ओतायचं, म्हणजे खाली ओल राहते आणि साप बसतो तो वरचा थर कोरडा. वरचा थर सतत चिकचिकीत राहिला तर पोटाचे खवले लालसर-तपकिरी होतात, त्याला स्केल रॉट म्हणतात, आणि मग प्राण्यांच्या डॉक्टरकडे जावं लागतं. दमटपणा मोजणारा तीन-चारशे रुपयांचा डिजिटल मीटर आत ठेवा, अंदाजपंचे नको.

हिवाळ्यात उलटं. हवा कोरडी, त्यात टाकीखालची हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, चालू, कोकोपीट चार दिवसांत कोरडं ठणठणीत. कात अंगावर तुकड्या-तुकड्याने अडकते, शेपटीच्या टोकाला राहिली तर अंगठी घट्ट झाल्यासारखी रक्त अडवते. यावर माझा इलाज श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला साप जाईल एवढं भोक, कड सँडपेपरने गुळगुळीत, आत ओला टिश्यू किंवा मॉस (शेवाळ). कात टाकायच्या आधी डोळे दुधाळ निळे झाले की डबा आत, साप आपणहून जाऊन बसतो. कात एका तुकड्यात, डोळ्यांवरच्या पातळ टोप्यांसकट निघाली तर ओल बरोबर होती.

हीट मॅटबद्दल एक, थर जाड असला की उष्णता खालीच कोंडते, आणि साप खणत खणत काचेपर्यंत गेला तर पोट भाजतं. थर्मोस्टॅट हवाच, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, काचेवर, मॅटच्या बरोबर वर.

गोदावरीची वाळू नको, घासाबरोबर पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. इगतपुरीकडून कुणी भाताचा तूस देईल, तो टोचरा आणि धुळीचा. मांजराची लिटर पण नको. बेडिंग कोणतंही असो, खायचा उंदीर ताटलीतच द्या, माझ्याकडे एक जुनी स्टीलची ताटली त्याच कामाला आहे, म्हणजे ओल्या उंदराला बेडिंग चिकटत नाही. आणि घरात कुणी किडे होतील म्हणून पेपरखाली डांबराच्या गोळ्या ठेवत असेल किंवा फरशीसारखी टाकी फिनाईलने पुसत असेल तर हात जोडून थांबवा, दोन्ही सापाला विष आहेत. साबणाचं गरम पाणी, भरपूर धुणं, कडक ऊन.

शी दिसली की तेवढं उचलायचं, अख्खं बेडिंग महिन्याने. नवीन आस्पेनची पिशवी आधी दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवतो, माईट्स असतील तर मरतात. आमच्याकडे त्यासाठी वेगळा छोटा फ्रीझर आहे, कारण मटारच्या पिशवीशेजारी उंदरांची पिशवी सापडली त्या दिवशी आईने माझं आणि सापाचं सामान एकत्रच बाहेर काढलं होतं.