जुन्या मातीच्या घराला नवी खोली जोडताना

मातीचं घर नव्यानं बांधणं आणि उभ्या असलेल्या मातीच्या घराला खोली जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. मार्गदर्शन करणारे मात्र विटा कशा पाडायच्या यातच निम्मा वेळ घालवतात. विटा कुणालाही पाडता येतात. खोली फसते ती जुन्या भिंतीच्या सांध्यात, नाहीतर दोन छपरांच्या मिळणीत. म्हणून सोपं ते झटक्यात उरकतो आणि जिथं डोकं लावायचं तिथं थांबतो.

हे सगळं देशावरच्या, माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागातल्या कच्च्या विटांच्या घरांबद्दल आहे. कोकणात छपराचं आणि जोत्याचं गणित निराळं, तिथल्या गवंड्याचंच ऐका. जागा तुमची आहे, ग्रामपंचायतीचे कागद झालेत, हे धरून चालतो.

काम दिवाळीनंतर काढा. विटा थंडीत पाडा, भिंती होळीच्या आत उचला. मे महिन्यात विटा पाडायला बसू नका. वरून चटकन वाळतात, आतून ओल्या राहतात आणि तडकतात. त्यात वळवाचा भरवसा नाही.

मातीबद्दल एवढंच: शेतातली काळी माती फुकट मिळते म्हणून आणू नका. ती पाण्यानं फुगते, उन्हानं आकसते, विटेत आणि गाऱ्यातही, म्हणजे विटा जोडायच्या ओल्या मातीतही, तेच करते. पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढरट, किंवा मुरमाड तांबडी माती घ्या. वाळूचं प्रमाण कमीजास्त करून चार-पाच नमुने पाडा, सावलीत वाळवा आणि ज्याला भेग नाही ते प्रमाण धरा. पाडलेल्या जुन्या भिंतीची माती पुन्हा वापरता येते, पण जमिनीलगतची दोन फूट सोडून. त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ओलीबरोबर चढलेला खार असतो. तो नव्या भिंतीत गेला की गिलाव्याचे पापुद्रे सुटत राहतात.

वीट वाळली की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. मधली एक वीट फोडून बघा. आत गडद ठिपका दिसला तर अजून आठवडाभर आडव्याच्या उभ्या करून ठेवा.

पायाला पहिला अपघात होतो, आणि तो नव्या खोलीला नाही तर जुन्या घराला होतो. जुन्या घरांचा पाया पुष्कळदा हातभरच असतो. त्याला लागून तुम्ही सलग चर खोदलात आणि तो जुन्या पायाच्या खाली उतरला, की जुन्या भिंतीखालची माती बाजूनं मोकळी होते. रात्री पाऊस झाला तर सकाळी भिंत चरात आलेली दिसते. जुन्या भिंतीला समांतर चर शक्यतो काढूच नका. जिथं नवी भिंत काटकोनात येऊन भिडते तिथं शेवटचा मीटरभर भाग सगळ्यात शेवटी खोदा आणि त्याच दिवशी दगडानं भरून काढा. मुरूम जुन्या पायाच्या खाली लागत असेल तर जुन्या भिंतीपासून लांब जात जात पायऱ्या पायऱ्यांनी खाली उतरा. जोतं दगडाचं, निदान दीड फूट उंच. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा थर घाला. जाड प्लॅस्टिकवर चुन्याचा किंवा सिमेंटचा पातळ थर चालतो. घुशी लागलेलं परस असेल तर जोत्याच्या दगडांचे सांधे मातीत नको, चुन्यात भरा.

आता माझं ठाम मत, यावर गवंड्यांशी माझे वाद झालेत: छप्पर आधी, भिंती नंतर. खांब उभे करा, तुळई आणि वासे चढवा, पत्रा किंवा कौलं घाला आणि मग त्या सावलीत बसून भिंती उचला. यात नवं काही नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत छपराचा भार लाकडी सांगाड्यावर असायचा, भिंत त्यात भरलेली असायची. या क्रमानं अर्धवट भिंतीवर अवकाळी पडण्याची भीती जाते आणि नवी भिंत खाली बसताना छपराला ओढत नाही. भिंत छपराला खालून भिडवू नका, दोन बोटं फट ठेवा, ती सगळ्यात शेवटी भरायची. छपराची झेप भिंतीबाहेर दोन फूट हवीच. पागोळी जोत्यावर पडली तर तुमची सगळी मेहनत तीन पावसाळ्यांत खाली येईल.

आता सांधा. या एका गोष्टीनं मला सुरुवातीला फार छळलंय, आणि सगळ्यात वाईट सल्लाही इथंच मिळतो. सल्ला असा असतो: जुन्या भिंतीत एकाआड एक थराला खड्डे पाडा, नव्या विटा त्यात शिरवा, म्हणजे भिंती एकमेकींना धरतील. सिमेंटात बांधलेल्या पक्क्या विटांना हे काही प्रमाणात चालतं. मातीत चालत नाही, कारण मातीची नवी भिंत बसते. ती बसणारच.

हिशेब करा. वीट चार इंच जाडीची, म्हणजे साधारण १० सेंटीमीटर, आणि गाऱ्याचा थर २ सेंटीमीटरचा. अडीच मीटर उंच भिंतीत असे वीस-एकवीस थर येतात, म्हणजे जवळपास ४० सेंटीमीटर नुसता ओला गारा. तो वाळताना शंभराला चार जरी आकसला तरी भिंतीचा माथा दीड सेंटीमीटर खाली येतो. शिवाय नवा पाया थोडा दबतो तो वेगळाच. शेजारची जुनी भिंत मात्र पन्नास वर्षांपूर्वीच बसून मोकळी झालेली असते. दोघींना दात घालून अडकवलंत तर नवी भिंत त्या दातांना लटकते. मग एकतर दात तुटतात आणि सांध्यापासून हातभर अंतरावर नागमोडी भेग पडते, नाहीतर नवी भिंत जुन्या भिंतीचा तुकडा घेऊन खाली येते. दुसरं जास्त वाईट. नव्या भिंतीतली भेग बुजवता येते, पण जुनी भिंत एकदा ढिली झाली की तिच्यावरचं आढं आणि वासे तुमच्या डोक्यावर असतात.

म्हणून सांधा अडकवायचा नाही, सरकता ठेवायचा. जुन्या भिंतीवर ओळंबा सोडून दोन उभ्या रेघा मारा. त्यांच्यातलं अंतर नव्या भिंतीच्या जाडीपेक्षा २ सेंटीमीटर जास्त. या रेघांच्या आत वरपासून खालपर्यंत एकच सलग खाच काढा, खोली सात-आठ सेंटीमीटर. जुनी भिंत ४५ सेंटीमीटरपेक्षा बारीक असेल तर खाच काढूच नका, नुसता गिलावा खरवडा. खाच काढताना पहार आणि घण दूर ठेवा. पहारीचा एक दणका बाहेर दिसतो तेवढाच नसतो. आत विटेचा गाऱ्याशी असलेला जोड सुटतो आणि दुसऱ्या बाजूचा गिलावा पोकळ वाजायला लागतो. जुन्या करवतीनं रेघांवर चिरा द्या आणि मधली माती पटाशीनं वरून खाली तासत या. धूळ फार उडते, तोंडाला फडकं बांधा, पण पाणी मारू नका.

खाचेच्या आतून डांबरी कागदाची किंवा जाड प्लॅस्टिकची पट्टी लावून घ्या, म्हणजे नवा गारा जुन्या भिंतीला चिकटणार नाही. अनेकांना इथंच पटत नाही. ते म्हणतात, चिकटला तर बरंच की! नाही. चिकटला की पुन्हा तेच लटकणं आलं. नव्या भिंतीचं टोक या खाचेत खोबणीतल्या फळीसारखं उभं राहिलं पाहिजे: वर-खाली मोकळं, डावी-उजवीकडे धरलेलं. दोन्ही अंगांना राहिलेली बोटभर फट पहिल्या वर्षी नुसत्या गवतानं भरून ठेवा.

सांधा असा मोकळा ठेवायचा तर नवी भिंत स्वतःच्या पायावर उभी राहणारी हवी. मातीच्या इमारतींसाठीचं भारतीय मानक १३८२७, जे १९९३ साली आलं, त्यातले नियम साधे आहेत: भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको आणि तिला काटकोनात भिडणाऱ्या दोन भिंतींमधलं अंतर जाडीच्या दहापटीहून जास्त नको. म्हणजे ३५ सेंटीमीटर जाडीच्या भिंतीला आधाराशिवाय साडेतीन मीटरच्या पुढं नेऊ नका. बाहेरचे दोन कोपरे मात्र पक्के गुंफा, दर थराला सांधमोड करून, म्हणजे खालच्या सांध्यावर वरची वीट येईल असं. ढिलाई फक्त जुन्या भिंतीपाशी.

दिवसाला चार-पाच थरांच्या वर चढू नका. गवंडी रोजंदारीवर असला तर कुरकुर करेल, उक्तं दिलं असेल तर ऐकणारच नाही. खालचा गारा ओला असताना वर वजन चढवलं की भिंत पोट काढते, आणि पोट काढलेली नवी भिंत उतरवण्याशिवाय इलाज नसतो. तुमच्या जुन्या भिंतीनंच पोट काढलेलं असेल, तर तिला काहीही जोडू नका, आधी तिचं बघा.

कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांच्या भागानं सोसला, त्यांनी आणखी एक पायरी पुढं जावं. जुन्या भिंतीच्या बाजूलाही नव्या खोलीचे स्वतःचे खांब उभे करा आणि चारही तुळया एकमेकींना नीट जोडा. जुन्या भिंतीवर नव्या छपराचा एकही वासा टेकवू नका. आणि नवं छप्पर हलकं ठेवा, मातीचं जाड धाबं नको. किल्लारीला माणसं मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या धाब्याच्या ओझ्याखाली.

दाराची चौकट भिंतीबरोबर उभी करत असाल तर चौकटीच्या डोक्यावर दोन-तीन सेंटीमीटर मोकळे सोडा. भिंत बसते, चौकट बसत नाही. मग दार अडकतं आणि कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. दारावरची लाकडी पाटी दोन्ही बाजूंना अर्धा मीटर भिंतीत गेलेली हवी. दार-खिडकी बाहेरच्या कोपऱ्यापासून १.२ मीटरच्या आत काढू नका.

जुन्या घरातून नव्या खोलीत जायचं दार हे वेगळं प्रकरण. ते सगळ्यात शेवटी फोडा, आणि फोडण्याआधी वरची पाटी बसवा. उलट करणारे फार भेटतात. आधी भोक पाडतात, मग पाटी शोधायला सुताराकडे जातात. बरोबर क्रम असा: आतल्या वाशांना टेकू द्या. भिंतीच्या एका अंगानं अर्ध्या जाडीपर्यंत आडवी खाच काढा, त्यात लाकूड बसवा, वरची फट दगडाच्या चिपा आणि घट्ट गाऱ्यानं ठासा. चार-पाच दिवस जाऊ द्या. मग दुसऱ्या अंगानं तेच. दोन्ही लाकडांनी भार घेतला की खालची माती वरून खाली उतरवा. टेकू लगेच काढू नका.

छपराची मिळणी. नवं छप्पर जुन्या भिंतीच्या दिशेनं उतरतं ठेवायचंच नाही. जुन्या आणि नव्या उताराचं पाणी एका पन्हळीत आणणारी रचना कागदावर छान दिसते. ती पन्हळ पाल्यानं तुंबते आणि सगळं पाणी नेमकं त्या सांध्यात जातं. नवा उतार बाहेरच्या बाजूला द्या. नव्या पत्र्याची वरची कड जुन्या छपराच्या वळचणीखाली वीतभर तरी आत गेली पाहिजे. जुनी वळचण बुटकी असेल तर नव्या खोलीची उंची कमी करा. कमी उंचीत राहता येतं, गळक्या सांध्याखाली नाही.

सिमेंटचा गिलावा नको. भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, ती आतल्या आत गिलाव्यामागं साठते. बाहेरून भिंत टणटणीत दिसते आणि मागची माती भुसभुशीत होत जाते. एके दिवशी चौरसच्या चौरस सुटून पडतो. जाळी ठोकून सिमेंट लावलं तर पडायला थोडा उशीर होतो, इतकंच. माती, गव्हाचा भुसा आणि शेण कालवून आठवडाभर कुजू द्या, वास सुटला की लावा. पहिला हात खडबडीत, तो पूर्ण वाळल्यावर दुसरा.

सांध्याला मात्र पहिल्या वर्षी गिलावा लावायचा नाही. पावसाळा जाऊ द्या. दसऱ्याच्या सुमारास गवत काढून आत बॅटरी मारा. नवी भिंत किती बसली ते खाचेतल्या खुणेवरून कळेल, म्हणून भिंत पुरी झाल्याच्या दिवशी दोन्ही भिंतींवर सलग एक आडवी रेघ मारून ठेवा. रेघ तुटून खाली गेली असेल तर घाबरू नका, ती जायलाच हवी होती. महिनाभरानं पुन्हा बघा. आणखी सरकली नसेल तर फटीत भुसा जास्त आणि माती कमी असा हलका गारा थोडा चुना घालून दाबून भरा. त्यावर नुसता गिलावा ओढलात तर केसाएवढी उभी रेघ पुन्हा दिसेलच. ती डोळ्याला खुपत असेल तर वरून लाकडी पट्टी मारा. पट्टीचे खिळे फक्त जुन्या भिंतीत ठोका.