रजोनिवृत्तीच्या काळात त्वचा अचानक बिघडली, तर काय करावे

वर्षानुवर्षे वापरातला साबण एके दिवशी चरचरू लागतो, तारुण्यपीटिका विसरून पंचवीस वर्षे लोटल्यावर हनुवटीवर दुखऱ्या पुळ्या येतात, किंवा अंगावर काहीही दिसत नसताना रात्री पोटऱ्यांना एवढी खाज सुटते की झोप मोडते. हे बदल अचानक झाल्यासारखे वाटले, तरी त्यांची तयारी आतून बरीच आधी सुरू झालेली असते. पाळी सलग 12 महिने आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानले जाते आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत हे 45 ते 55 या वयात घडते. मात्र त्यापूर्वीची काही वर्षे इस्ट्रोजेन हे संप्रेरक हळूहळू उतरत जाण्याऐवजी सतत वरखाली होत राहते. त्वचेतील तेलकटपणा, ओलावा आणि कोलॅजेन (त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन) या तिन्हींना इस्ट्रोजेनचा आधार असतो. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतील कोलॅजेन सुमारे 30 टक्क्यांनी घटते. साबण तोच असतो; तो सोसणारी त्वचा तेवढी पूर्वीची राहिलेली नसते.

अशा वेळी दोन चुका सर्रास होतात. पहिली म्हणजे घाबरून एकाच आठवड्यात चार नवी क्रीम विकत आणणे, आणि दुसरी म्हणजे ‘वयाप्रमाणे व्हायचेच’ म्हणून सगळ्याकडे दुर्लक्ष करणे. माझ्या मते दुसरी चूक अधिक महागात पडते, कारण या वयात त्वचेवर जे जे उमटते ते सगळेच रजोनिवृत्तीमुळे आलेले नसते.

पायरी 1 : आधी थांबावे

त्वचा चिडलेली असताना तिच्यावर नवा उपचार सुरू करण्यापूर्वी जुने ओझे उतरवणे आवश्यक असते. साधारण दोन आठवडे चेहऱ्यावरचे स्क्रब, टोनर, सुगंधी प्रसाधने, रेटिनॉल आणि आम्लयुक्त सीरम पूर्णपणे बंद ठेवावीत आणि सौम्य, बिनवासाचे क्लीन्झर, साधे मॉइश्चरायझर व सनस्क्रीन एवढ्या तीनच वस्तू वापराव्यात. ‘नैसर्गिक’ म्हणून चेहऱ्यावर लिंबाचा रस चोळणे हा घरगुती उपायांतील सर्वांत वाईट प्रकार म्हणावा लागेल. निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) 5 च्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा सुमारे 2 असतो आणि वडीच्या साबणाचा बहुधा 9 ते 10. पन्नाशीच्या सुमारास त्वचेचे हे आम्लतेचे गणित स्वतःच बदलू लागलेले असते, त्यामुळे दोन्ही टोके तिला सोसत नाहीत.

डॉक्टरांनी लिहून दिलेली कोणतीही औषधे मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, मग ती त्वचेची असोत वा रक्तदाबाची.

पायरी 2 : नीट पाहावे आणि टिपून ठेवावे

तक्रार कुठे आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढते, त्वचेवर काही दिसते की नुसतीच खाज आहे, आणि गेल्या तीन महिन्यांत कोणते औषध, रंग किंवा कपडे धुण्याची पावडर बदलली, हे वहीत लिहावे आणि उजेडात छायाचित्रे काढून ठेवावीत. अंगावर गांधी उठत असतील, तर एका गांधीभोवती पेनाने रेघ मारून वेळ लिहावी. ती 24 तासांच्या आत डाग न ठेवता विरली आणि दुसरीकडे नवी उठली, तर ते पित्त उठणे असते. ती त्याच जागी दोन दिवस टिकली, दुखली किंवा मागे डाग राहिला, तर प्रकरण वेगळे असते आणि ते डॉक्टरांना दाखवावे लागते.

त्वचा अगदी स्वच्छ दिसत असताना तिच्यावरून मुंग्या चालत असल्यासारखे वाटणे हाही या काळातला एक परिचित अनुभव आहे. अनेक स्त्रिया संकोचामुळे तो कुणाला सांगत नाहीत, पण त्यात मनाचा खेळ असा काही नसतो. मात्र खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटांवर बारीक पुरळ असेल आणि घरातील इतरांनाही खाज सुटत असेल, तर ती खरूज समजावी. तिला संप्रेरकांशी काही देणेघेणे नसते.

पायरी 3 : ज्यासाठी थांबू नये ते ओळखावे

गांधींबरोबर ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडखळू लागला किंवा चक्कर आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. तीन-चार आठवड्यांत न भरणारी जखम, आकार किंवा रंग बदलणारा तीळ, आणि एकाच स्तनाग्रावर इसबासारखा दिसणारा, बरा न होणारा चट्टा या गोष्टींवर घरी मलम लावत बसू नये; यांपैकी शेवटचा चट्टा क्वचित स्तनाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकतो. काही महिन्यांतच चेहऱ्यावर व छातीवर भराभर राठ केस येऊन आवाजही घोगरा होऊ लागला, तर अंडाशय आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी यांची तपासणी करावी लागते.

पायरी 4 : कोरडेपणा आणि खाज आवरावी

सर्वाधिक स्त्रियांना भेडसावणारी तक्रार हीच असते आणि सुदैवाने घरच्या घरी सर्वाधिक काम हिच्यावरच करता येते. आंघोळ 5 ते 10 मिनिटांत, कोमट पाण्याने उरकावी. कढत पाण्याने खाज तेवढ्यापुरती शमल्यासारखी वाटते, पण त्वचेतील उरलेसुरले तेल धुऊन जाते आणि तासाभरात ती दुप्पट जोराने परत येते. साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरताच ठेवावा. अंग पंचाने टिपून, ते किंचित ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे, कारण त्याचे मुख्य काम बाहेरून ओलावा आणणे नसून आत असलेला ओलावा अडवणे हे आहे.

पातळ लोशनपेक्षा घट्ट क्रीम किंवा मलम या वयाला अधिक मानवते. डबीवर ग्लिसरीन, सेरामाइड, हायल्युरॉनिक आम्ल किंवा पेट्रोलियम जेली यांपैकी काही आहे का आणि सुगंध नाही ना, एवढे पाहिले की पुरे. किमतीवरून गुण ठरत नाही. पायांच्या जाड, भेगाळलेल्या त्वचेसाठी युरियायुक्त क्रीम चांगले, परंतु ओरबाडलेल्या जागी ते झोंबते. पॅराफिन किंवा पेट्रोलियम जेली असलेले मलम कपड्यांत मुरले की कपडा लवकर पेट घेतो, म्हणून असे कपडे घालून विस्तवाजवळ जाऊ नये. कोणतेही नवे क्रीम चेहऱ्यावर नेण्यापूर्वी कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहावे. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि मग कशामुळे भडका उडाला हे शोधत बसावे लागते.

कोरडेपणाच्या खाजेवर ॲलर्जीच्या गोळ्या घेण्याची पद्धत आहे, पण ती खाज बहुतांशी हिस्टामिनमुळे (ॲलर्जीत शरीर सोडते त्या रसायनामुळे) येत नसल्याने गोळीने झोप येते, खाज मात्र तशीच राहते.

नियमाने दोन-तीन आठवडे एवढे करूनही सर्वांगाची खाज हटली नाही आणि अंगावर पुरळही नसेल, तर रक्त तपासून घ्यावे. थायरॉईड, यकृत आणि मूत्रपिंड यांचे विकार, मधुमेह आणि लोहाची कमतरता या सर्वांची सुरुवात अशा खाजेने होऊ शकते. यांतील लोहाच्या कमतरतेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पाळी जाण्यापूर्वीच्या वर्षांत रक्तस्राव अनेकदा अतिशय जास्त होतो, शरीरातील लोहाचा साठा रिता होतो आणि खाज, थकवा व केसगळती एकदमच सुरू होतात. अशी स्त्री त्वचेचे क्रीम बदलत राहते, तेव्हा तिला गरज लोहाची असते.

पायरी 5 : चेहऱ्याची लाली शांत करावी

एकाएकी अंगातून वाफ निघाल्यासारखी होऊन चेहरा, मान आणि छाती लाल होणे, म्हणजे हॉट फ्लश, सहसा काही मिनिटांत ओसरते. लाली गालांवर आणि नाकावर ठाण मांडून बसली, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या आणि त्यात पुटकुळ्याही आल्या, तर तो रोझेशिया हा त्वचाविकार असू शकतो. ऊन, उष्णता, मद्य आणि तिखट पदार्थ यांनी तो भडकतो, पण प्रत्येकीचे कारण वेगळे असल्याने येथे वहीतली नोंद उपयोगी पडते. एसपीएफ 30 किंवा अधिकचे सनस्क्रीन रोज लावावे. रासायनिक घटकांनी आग होत असेल, तर झिंक ऑक्साइडचे निवडावे. लाली चटकन उतरते म्हणून चेहऱ्यावर स्टेरॉइडचे मलम स्वतःहून लावणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते थांबवताच रोझेशिया अधिक उग्र रूपात उलटतो.

पायरी 6 : मुरूम आणि हनुवटीचे केस

इस्ट्रोजेन झपाट्याने घटते, पण स्त्रीच्या शरीरातील पुरुषी संप्रेरके तुलनेने सावकाश उतरतात, त्यामुळे त्यांचा प्रभाव अधिक जाणवतो आणि मुरूम जबड्याच्या कडेने व हनुवटीवर येतात. एकाच चेहऱ्यावर गाल कोरडे आणि हनुवटीवर मुरूम, ही या वयातली खरी अडचण आहे. किशोरवयीन मुलींसाठी बनवलेली, तेल शोषून घेणारी औषधे येथे त्वचा सोलून काढतात. ॲझेलिक आम्ल तुलनेने सौम्य असून मुरूम, रोझेशियाच्या पुटकुळ्या आणि काळे डाग या तिन्हींवर चालते, म्हणून सुरुवात त्याने करणे मला शहाणपणाचे वाटते. ॲडापॅलिनसारखे रेटिनॉइड (रेटिनॉलच्याच कुळातले मुरुमांवरचे औषध) वापरायचे झाल्यास वाटाण्याएवढेच, संपूर्ण चेहऱ्याला, आठवड्यातून दोन-तीन रात्री लावावे आणि त्वचेला सवय झाल्यावरच वाढवावे. परिणाम दिसायला दोन ते तीन महिने लागतात. मुरूम खोल आणि दुखरे असतील, तर डॉक्टर पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखणाऱ्या स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्यांचा विचार करू शकतात.

हनुवटीवरचे तुरळक केस चिमट्याने उपटले वा कात्रीने कापले तरी ते अधिक दाट उगवत नाहीत. डोक्यावरचे केस भांगाजवळ विरळ होणे सामान्य आहे. कपाळावरची केसांची रेषाच मागे सरकू लागली आणि भुवयाही विरळ झाल्या, तर विलंब न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, कारण या विशिष्ट विकारात गेलेले केस परत येत नाहीत, फक्त पुढचे वाचवता येतात.

पायरी 7 : जिच्याविषयी बोलले जात नाही ती त्वचा

योनी आणि भोवतालची त्वचा पातळ व कोरडी झाल्याने आग, खाज आणि संबंधांच्या वेळी वेदना होतात. तेथे साबण आणि सुगंधी वॉश वापरू नयेत. नुसते पाणी पुरते. त्रास राहिल्यास स्थानिक वापराचे इस्ट्रोजेन क्रीम स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वापरता येते. खाज तीव्र असून पांढरट, पातळ चट्टे दिसत असतील, तर तो लायकेन स्क्लेरोसस हा दीर्घकालीन त्वचाविकार असू शकतो आणि बुरशीचे औषध लावत महिने घालवल्यास तेथे कायमचे व्रण पडतात. हा विकार तीव्र स्टेरॉइड मलमाने चांगला आटोक्यात येतो, म्हणजे चेहऱ्यावर जे वर्ज्य, तेच येथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य उपचार ठरते.

पायरी 8 : डॉक्टरांकडे जाताना

केवळ त्वचेसाठी संप्रेरक उपचार दिले जात नाहीत; हॉट फ्लश आणि झोपमोड यांसाठी ते सुरू केल्यास त्वचेचा कोरडेपणाही कमी होऊ शकतो, परंतु स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होण्याचा पूर्वेतिहास असेल, तर तो सर्वप्रथम सांगावा. संप्रेरकाचा त्वचेवर चिकटवायचा पॅच दिलेला असेल आणि त्याखाली लाली येत असेल, तर दर वेळी जागा बदलावी. भेटीला जाताना नोंदवही, छायाचित्रे आणि वापरातल्या सर्व प्रसाधनांची वेष्टने बरोबर न्यावीत, चेहऱ्यावर मेकअप करू नये आणि नखांचे पॉलिशही काढून जावे, कारण लोहाची कमतरता आणि थायरॉईडचे विकार यांच्या खुणा नखांवरही दिसतात.