परदेशी मॅरेथॉनला निघताना: बडोदा ते बर्लिन, प्रवासाचा दिवस कसा सांभाळावा

पावसाळ्यातल्या दमट पहाटे कमाटीबागेत फेऱ्या मारून, गणपतीतली जागरणं टाळून चार-पाच महिने केलेली तयारी प्रवासाच्या एका दिवसात बरीचशी सांडू शकते. म्हणून हा दिवस सरावाच्या तक्त्यातच लिहून टाका. त्याचं काम एकच: पाय आणि पोट जसेच्या तसे शर्यतीच्या गावी पोचवणं. इथे उदाहरण बर्लिनचं घेतलं आहे, कारण सपाट मार्गामुळे पहिल्या परदेशी मॅरेथॉनसाठी अनेकांची नजर तिकडेच जाते.

पहिलं काम: तारीख आणि रस्ता

बर्लिन मॅरेथॉन साधारणपणे सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. बुधवारी रात्री निघून गुरुवारी पोचावं. शुक्रवारी रात्री पोचलात तर शनिवार बिब (छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक) घेण्याच्या रांगेत जाईल आणि रविवारी थकलेल्या पायांनी उभं राहावं लागेल.

बडोद्याहून दोन रस्ते सोयीचे. एक, गाडीने अहमदाबादला जाऊन आखाती शहरामार्गे. दुसरा, मुंबईहून रात्री उशिराच्या विमानाने फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे. मला दुसरा आवडतो. दुपारनंतरची वंदे भारत घेतली की साधारण चार तासांत बोरिवली येतं. तिथेच उतरून टॅक्सीने टर्मिनल २ गाठायचं, मुंबई सेंट्रलपर्यंत जाऊन उलटं फिरायचं कारण नाही. पण पाऊस मागे रेंगाळला असेल, तर विश्वामित्री नदी आणि रेल्वे दोन्हींचा भरवसा धरू नका. अशा वर्षी सकाळचीच गाडी पकडा.

फ्रँकफर्टमार्गे गेलात तर पासपोर्टची तपासणी तिथेच होते, बर्लिनला नाही. त्यामुळे दोन विमानांमध्ये तीन तास हाताशी ठेवा. धावत जाऊन विमान पकडणं ही त्या आठवड्यातली सर्वांत महाग धाव ठरते.

शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. शर्यतीची नोंदणी पक्की झाली की लगेच या कामाला लागा.

दुसरं काम: हातातली बॅग

शर्यतीत लागणारी एकही वस्तू सामानाच्या बॅगेत टाकायची नाही. बॅग दोन दिवस उशिरा आली तरी रविवारी धावता आलं पाहिजे. शर्यतीचे बूट पायात घाला, नाहीतर हातातल्या बॅगेत ठेवा. बनियन, शॉर्ट्स, सरावात वापरलेले मोजे, घड्याळ, त्याचा चार्जर आणि नेहमीची औषधं चिठ्ठीसकट तिथेच. पॉवर बँक तर नियमानेच जवळ ठेवावी लागते.

एनर्जी जेल, म्हणजे धावताना ताकदीसाठी घ्यायचा गोड, दाट पाक, तपासणीत द्रव म्हणून मोजलं जातं. प्रत्येक पाकीट १०० मिलीच्या आत हवं, आणि सगळी मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावली पाहिजेत. व्हॅसलिनही त्याच पिशवीत. शर्यतीला लागतील तेवढीच जेलं जवळ ठेवा, जास्तीची सामानात.

पासपोर्टबरोबर परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, विम्याचं पत्र आणि शर्यतीच्या नोंदणीचा कागद छापून एका फोल्डरमध्ये ठेवा. इमिग्रेशनवर 'कशासाठी आलात' असं विचारलं की हाच कागद सगळं सांगतो.

खाण्याचं म्हणाल तर खाखरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याची चिक्की, मेतकूट यांवर निर्धास्त राहता येतं. तूप, पनीर असे दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ मात्र घरीच ठेवा. बाहेरून युरोपीय संघात येताना ते आणायला बंदी आहे.

सामानात एक जुना स्वेटर असू द्या. सप्टेंबरअखेर बर्लिनची पहाट १० अंशांच्या आसपास असते, आणि आपलं अंग बडोद्याच्या उकाड्याला सरावलेलं. सुरुवातीच्या रेषेजवळ तो काढून टाकायचा.

तिसरं काम: निघायचा दिवस

सकाळी फार तर वीस-पंचवीस मिनिटं हलकं धावा. निरोपाचं श्रीखंड-पुरीचं जेवण आदल्या दिवशी दुपारी उरकून घ्या. निघताना हातावर दही घ्यावं, त्यापुढच्या आग्रहाला प्रेमाने नाही म्हणावं. त्या दिवशी घरचा वरणभात किंवा खिचडी, मीठ नेहमीइतकंच. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. लघवीचा रंग फिका पिवळा असला की पुरेसं झालं. लिटरच्या लिटर पाणी ढोसल्याने शरीरातलं मीठ पातळ होतं, त्यात फायदा काहीच नाही.

विमान पहाटे दोनच्या सुमारास सुटत असेल, तर रात्रीचं जेवण मुंबईत नऊ-साडेनऊला घ्या. रिकामी बाटली तपासणीतून नेऊन आत भरता येते.

चौथं काम: विमानात

सप्टेंबरात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. आपले पहाटेचे दोन म्हणजे तिथले रात्रीचे साडेदहा, दोन्हीकडे झोपायचीच वेळ. म्हणून विमान उडाल्यावर येणारं जेवण सोडा, डोळ्यांवर पट्टी बांधा आणि झोपा. मद्य नकोच, त्याने झोप तुटते.

झोप लागली नाही तरी घाबरू नका. एका रात्रीची अपुरी झोप शर्यत बिघडवत नाही. बसून आखडलेले पाय मात्र जास्त त्रास देतात. केबिनमधला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो आणि हवा फार कोरडी. त्यात नऊ तास गुडघे दुमडून बसलं की पोटऱ्यांत रक्त साठतं आणि घोटे सुजतात. म्हणून वाटेलगतची जागा आधीच निवडा. जागे असाल तेव्हा तासाभराने उठून मागपर्यंत चाला, बसल्या जागी घोटे फिरवा, टाचा उचला. गुडघ्यापर्यंतचे घट्ट मोजे चांगले, पण ते आधी एखाद्या लांब रेल्वेप्रवासात घालून पाहा. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल किंवा शिरा फुगलेल्या असतील, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

पाचवं काम: उतरल्यावर

गुरुवारी बर्लिनला दुपारी झोप अनावर झाली तर अर्ध्या तासाचा गजर लावून झोपा, मग उन्हात बाहेर पडा. शहर बघायला सोमवार मोकळा आहे. संध्याकाळी साडेसहाला जेवून नऊला झोपलात तर पहाटे साडेचारला जाग येईल, कारण घरी तेव्हा आठ वाजलेले असतात. या लवकर उठण्याशी झगडू नका. रविवारी धाव सकाळी नऊनंतर सुरू होते, तीन तास आधी नाश्ता करायचा, म्हणजे लवकर उठणारं शरीर तुमच्या कामाचंच आहे.

टोकियोला जाणाऱ्यांचं गणित याच्या उलट. तिथेही फरक साडेतीन तासांचाच, पण घड्याळ पुढे. तिथली सकाळी नऊची धाव म्हणजे आपली पहाटे साडेपाच. त्यांनी घरूनच आठवडाभर लवकर झोपायला सुरुवात करावी आणि एक-दोन दिवस जास्त आधी पोचावं.

शुक्रवारी सकाळी वीस मिनिटं हलकं धावून थेट टेंपेलहोफ गाठा. २००८ साली बंद झालेल्या त्या जुन्या विमानतळाच्या इमारतीत बिब मिळतं. स्वतः जावं लागतं, ओळखपत्र लागतं, आणि रविवारी सकाळी ते मिळत नाही. हॉल लांबलचक आणि दुकानं भरपूर, तेव्हा आधी बिब घ्या, तासाभरात बाहेर पडा आणि दुपारी पाय वर करून पडून राहा.