केबलचा लीकेज शोधायचा कसा

केबल टीव्हीच्या तारेतून सिग्नल बाहेर गळतो, तो लीकेज. तो शोधायचा मीटर ऑन केला की आधी फ्रिक्वेन्सी बघा, हेडएन्डवरून (जिथून केबलवर चॅनेल सोडतात ती जागा) जो टॅग सिग्नल (मीटरला आपली केबल ओळखता यावी म्हणून टाकलेली खूण) सोडलाय तीच लावायची, नाहीतर दिवसभर एफएम रेडिओच्या मागे फिराल. मग लाइनखालून निवांत चालत जायचं, बीप वाढला की थांबून अँटेना आडवा-उभा फिरवून बघायचा, जिथे आकडा सगळ्यात जास्त तो धरायचा.

अमेरिकेत एफसीसीच्या (तिथला दूरसंचार नियामक) नियमात ॲनालॉग सिग्नलला ५४ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवर २० मायक्रोव्होल्ट पर मीटर ही लिमिट आहे, कारण १०८ ते १३७ मध्ये विमानवाले असतात. तेवढं जवळ जाता येत नसेल तर ६ मीटरवरून घ्या आणि रीडिंग दुप्पट धरा.

आता खरी गंमत, मोठा आकडा जिथे येतो तिथेच भोक असेल असं नाही, सिग्नल केबलच्या शील्डवरून (आतलं धातूचं आवरण) किंवा शेजारच्या तारेवरून लांब पळतो आणि भलत्याच खांबाजवळ बोंबलतो, म्हणून शेवटी छोटा प्रोब (अगदी जवळून तपासायचा अँटेना) लावून एकेक जॉइंट हाताने हलवत बघा. बहुतेक वेळा ढिला एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा फिरवून बसवायचा जोड), नाहीतर घरात कुणीतरी लावलेला स्वस्तातला स्प्लिटर (एका केबलच्या दोन-तीन करणारा) सापडतो. खारीने कुरतडलेली केबल असेल तर टेप गुंडाळून भागत नाही, तुकडा बदलाच. काम झालं की त्याच जागेवरून परत रीडिंग घ्या.